‘तू कोणाचा?’ : पेठेतील परिचय आणि मराठी कथनातील निवेदक

‘ग्रामीण’ आणि ‘महानगरीय’ या दोन संज्ञा मराठी समीक्षेत इतक्या रुळल्या आहेत की त्यांच्यामागची गृहीतके तपासण्याची आवश्यकता सहसा कोणाला भासत नाही. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहापासून पुढे महानगर म्हणजे गर्दी, यंत्र आणि एकाकीपण. खेडे म्हणजे नात्यांची वीण, परस्परांची जाण आणि तिच्या विघटनाचे दुःख, अशी विभागणी आपण करीत आलो आहोत. फर्डिनांड टोनिज या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १८८७ मध्ये समुदाय आणि समाज यांत जो भेद केला त्याचेच हे दूरचे पडसाद आहेत. तो भेद त्याज्य आहे असे मला म्हणायचे नाही. मात्र त्याच्या वापरात आपण एक गोष्ट फार सहजपणे मान्य केली आहे. जवळीक ही आपण मूलतः एक भावना मानली, आणि अनामिकता म्हणजे त्या भावनेचा अभाव. साहित्यकृतींचा पुरावा मला वेगळा वाटतो. जवळीक हा आधी ज्ञानाचा एक प्रकार आहे: कोणाविषयी कोणाला काय ठाऊक आहे, ते त्याला सांगण्याचा अधिकार आहे की नाही, याची ती व्यवस्था आहे. तसे असेल तर तिचा प्रश्न आशयसूत्रापुरता उरत नाही. तो निवेदकाचा, म्हणजे रूपाचा प्रश्न होतो.

हे तपासण्यासाठी खेडे आणि मुंबई ही दोन टोके फारशी उपयोगाची नाहीत. पुण्यातील कसबा पेठ अधिक उपयोगाची आहे. ‘कसबा’ या शब्दाचा अर्थच बाजारपेठ असलेले, परगण्याचे मुख्य गाव. ‘कसबे पुणे’ हा उल्लेख जुन्या कागदपत्रांत येतो तो याच अर्थाने. शहाजीराजांच्या जहागिरीतले उजाड झालेले हे गाव जिजाबाई आणि बालशिवाजी यांच्या वास्तव्यात पुन्हा वसले. लाल महाल येथलाच, आणि १६६३ साली शाहिस्तेखानावर झालेला छापाही येथलाच. पुढे शनिवारवाडा उभा राहिला (१७३०–३२), भोवती वारांच्या पेठा वाढल्या, आणि ज्या गावाभोवती शहर उभे राहिले ते गाव शहराची एक पेठ होऊन राहिले. तरी त्याचे गावपण संपले नाही. कसबा गणपती हे पुण्याचे ग्रामदैवत. लग्नाची पहिली पत्रिका त्याच्यापुढे ठेवण्याचा प्रघात सदनिकांत राहणाऱ्यांनीही सोडलेला नाही. तांबट आळी, कुंभारवाडा, शिंपी आळी, कागदीपुरा, व्यवहार आळी ही नावे व्यवसायांची आणि म्हणून जातींची आहेत. धाकट्या आणि थोरल्या शेख सल्ल्याचे दर्गेही याच वस्तीत. आपल्या दोन्ही संज्ञा येथे निरुपयोगी ठरतात. ही पेठ शहराच्या मध्यभागी आहे, आणि तरी तिचे अंतर्गत व्यवहार गावाचे होते.

या व्यवहारांचे सार एका प्रश्नात सापडते. पेठेतल्या ओट्यावर बसलेला वृद्ध अनोळखी मुलाला त्याचे नाव विचारीत नसे. तो विचारी, ‘तू कोणाचा रे?’ उत्तरही नावाने देऊन भागत नसे. अमक्यांच्या वाड्यातला, तमक्यांचा नातू, असे षष्ठी विभक्तीतच ते द्यावे लागे. नाव हे या व्यवस्थेत शेवटी येते, कधी येतही नाही. ‘ओळख’ या मराठी शब्दाचे दोन्ही अर्थ येथे एकत्र नांदतात: आपण ओळख ठेवतो, आणि आपल्याला ओळखले जाते. पहिल्यात माया आहे, दुसऱ्यात पाळत. पुणेरी पाट्यांविषयी विनोदाने पुष्कळ लिहिले जाते; पण पाटीची गरजच मुळी ज्या माणसाला ‘तू कोणाचा’ असे विचारून भागत नाही त्याच्यासाठी निर्माण होते, हे कोणी लक्षात घेत नाही. दिंडीदरवाजातून अनोळखी माणसे ये-जा करू लागली तेव्हा वाड्याने बोलणे सोडून लिहिणे पत्करले. असो.

‘अनामिक’ या शब्दाचा इतिहासही येथे पाहिला पाहिजे. महानगराच्या संदर्भात आपण तो आज ‘कोणालाही ठाऊक नसलेला’ या अर्थाने वापरतो आणि त्यात आधुनिक माणसाची व्यथा पाहतो. जुन्या मराठीत मात्र अनामिक म्हणजे अंत्यज. एकनाथांनी वाळवंटात तळमळणाऱ्या ज्या पोराला कडेवर घेतले ते परंपरेने अनामिकाचेच मानले आहे. म्हणजे ज्याला आपण घट्ट वीण असलेला समुदाय म्हणतो त्यानेच काही माणसांना अनामिक केले होते, आणि तेही ती परिचित नव्हती म्हणून नव्हे. ती कोण आहेत हे गावाला पक्के ठाऊक होते. म्हणूनच त्यांचे नाव घ्यावयाचे नव्हते. शहराने ही अनामिकता, निदान तत्त्वतः, सर्वांना वाटून दिली. एखाद्याला हे संकट वाटावे आणि दुसऱ्याला सुटका, यात आश्चर्य नाही. डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत खेड्याच्या गौरवीकरणावर जो कठोर प्रहार केला, त्यामागेही हेच आहे. ‘महानगरीय जाणीव’ म्हणून आपण जिचे वर्णन करतो ती बहुधा पहिल्या माणसाची जाणीव आहे, दुसऱ्याची नव्हे.

आता कादंबरीकडे वळू. हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. केशवपनाच्या प्रश्नावरील सुधारणावादी कादंबरी म्हणून ती अभ्यासक्रमांत शिकवली जाते, आणि ते योग्यच आहे. पण तिची रचना पुणे आणि मुंबई या दोन अवकाशांवर उभी आहे याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. पुण्यातल्या घरात यमूला एकांत असा नाहीच. कोण कोणाशी बोलले, कोण कोठे थांबले, कोणाच्या चेहऱ्यावर काय दिसले, हे सर्व घराला ठाऊक असते, आणि घरातून ते आळीला. पती-पत्नींनी दिवसाउजेडी एकमेकांशी बोलणे हाही तेथे प्रमादच. रघुनाथरावांबरोबर ती मुंबईस जाते तेव्हा तिला प्रथम जे मिळते ते स्वातंत्र्य नव्हे, अपरिचय आहे; कोणी आपल्याकडे पाहत नाही याचा अनुभव आहे. वाचन, पतीशी मोकळे बोलणे, बरोबर फिरावयास जाणे हे त्यातून निघते. मुंबईच्या बिऱ्हाडात शेजार नाही असे मात्र नाही. तो आहे, समविचारी कुटुंबांचा आहे, आणि पुण्याच्या शेजाराहून अधिक जिव्हाळ्याचा आहे. फरक इतकाच की तो निवडलेला आहे. अनामिकतेच्या पोटी जवळीक जन्मू शकते ही गोष्ट मराठी कादंबरीने तिच्या आरंभकाळातच नोंदवली होती. आपण ती पुढे विसरलो. रघुनाथरावांच्या मृत्यूनंतर यमू पुन्हा पुण्याच्या घराच्या स्वाधीन होते, आणि शंकरमामंजी जे करतात ते सर्वांच्या माहितीत, सर्वांच्या सान्निध्यात करतात. तेथे अपरिचित कोणीही नाही. या कादंबरीचे सर्वांत भयानक प्रकरण हे जवळिकीचे प्रकरण आहे.

कादंबरी आत्मकथनाच्या रूपात आहे ही बाब याच्याशी निगडित आहे. जिची गोष्ट सर्वांना आधीच ठाऊक आहे तिला ती सांगण्याची मुभाही नसते आणि प्रयोजनही. ‘मी’ म्हणून बोलण्यासाठी ज्याला आपली गोष्ट ठाऊक नाही असा श्रोता लागतो. यमूला तो श्रोता वाचकाच्या रूपाने मिळतो. पण असा श्रोता असू शकतो ही कल्पना तिला मुंबईच्या काही वर्षांनी दिली आहे.

‘कोसला’ (१९६३) या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. सांगवीहून पुण्यास शिकावयास आलेला पांडुरंग सांगवीकर कथनाच्या आरंभीच आपले नाव सांगतो. सांगवीत त्याला असे नाव सांगण्याची वेळ कधी आली नसती. त्याचे आडनाव गावाच्या नावावरून आलेले आहे, म्हणजे ‘तू कोणाचा’ या प्रश्नाचे उत्तर ते बरोबर घेऊन हिंडते. आणि पुण्यात ते उत्तर कोणालाच कळत नाही. पुणे त्याला भेटते ते वसतिगृह, खानावळ, महाविद्यालय आणि टेकड्यांच्या रूपाने. ज्या पुण्यात प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो अशी ख्याती आहे, ते त्याच्यासाठी पूर्णपणे बंद असते. एम. ए.च्या वर्गात ही कादंबरी शिकविताना खानदेश-विदर्भाकडून आलेल्या विद्यार्थ्यांना पांडुरंगाचे एकाकीपण समजावून सांगावे लागत नाही. पेठांत वाढलेल्या विद्यार्थ्यांना मात्र ते अस्तित्ववादाच्या वाटेनेच कळते. पेठेची जवळीक आतल्यांसाठी जितकी उबदार तितकीच बाहेरच्यासाठी ती भिंत असते, आणि या भिंतीबाहेर पांडुरंगाची ती सर्व गोष्टींना तोंडी लावणारी, स्वतःलाही न सोडणारी ‘मी’ची भाषा घडते. कादंबरीला देशीवादाच्या आधारे वाचणाऱ्यांनी गावाच्या आधाराविषयी पुष्कळ लिहिले आहे. त्या गावानेही धाकट्या मनीला वाचवले नाही, याची नोंद ते त्रोटक करतात.

त्याच १९६३ साली बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. दोन्ही पुस्तके एका वर्षाची आहेत याचा उल्लेख साठोत्तरी साहित्याच्या आढाव्यांत येतो, पण ती एकमेकांसमोर ठेवली जात नाहीत. शीर्षककथेतील निवेदक नोकरीनिमित्त परक्या शहरात आला आहे. पांडुरंगाला जे ओझे वाटते ते कोणीही न ओळखणे, ही याची एकमेव आशा आहे. आणि शहर त्याला ती फार काळ देत नाही. राहण्यासाठी खोली शोधू लागताच ‘तू कोणाचा’ हाच प्रश्न वेगळ्या भाषेत, वेगळ्या प्रांतात त्याच्यासमोर उभा राहतो. म्हणजे अनामिकता ही शहराने सर्वांना समान वाटलेली वस्तू नाही. ज्याला ती सर्वांत अधिक हवी असते त्याच्याकडेच तिचा परवाना मागितला जातो. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) हा पेच रूपातच शिरला आहे. दगडू मारुती पवार हा दया पवारांना आपली कहाणी सांगतो. गावाने आणि वस्तीने ओळखलेला एक, आणि शहराने, पुस्तकाने घडवलेला दुसरा. त्याला लागणारा अपरिचित श्रोता स्वतःच्याच देहात निर्माण करावा लागतो. यमूपासून येथपर्यंत मला एक सलग वाट दिसते. स्त्री आत्मकथन, दलित आत्मकथन अशा स्वतंत्र प्रकरणांत आपण ती तोडून टाकली आहे.

मग पेठेचा स्वतःचा निवेदक कोण? तो ‘मी’ नाही. तो पाहावयाचा तर कादंबरी सोडून नाटकाकडे जावे लागते. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (१९७२) ब्राह्मणांची रांग मानवी भिंत होऊन उभी राहते. त्या भिंतीविषयी प्रयोगाच्या अंगाने विपुल लेखन झाले आहे. लोकनाट्याच्या घटकांचा उपयोग म्हणून तिचे कौतुक झाले. मला ती पेठेच्या जवळिकीची सर्वांत नेमकी प्रतिमा वाटते. भिंत माणसांची आहे, म्हणजे तिला डोळे आणि कान आहेत. ती झाकते आणि पाहते. आतल्याचे पाप झाकण्यासाठी पाठ फिरवते, आणि परक्याला पकडण्यासाठी क्षणात तोंड फिरवते. कनोजहून आलेला घाशीराम चोर ठरतो तो चोरीमुळे नव्हे. तो कोणाचा हे सांगणारे त्या गर्दीत कोणी नाही म्हणून. कोतवाल झाल्यावर तो रात्री बाहेर पडणाऱ्यांकडे परवाने मागतो. एका अर्थाने पेठ जे ओट्यावरून करीत होती तेच तो सरकारी शिक्क्यानिशी करतो, आणि पेठेला ते सहन होत नाही.

सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये (१९७४) ही भिंत चाळकऱ्यांची होते. भाऊराव मरण पावले आहेत. मुलगा नाना बाहेरगावी. जुन्या स्मशानातच आपले दहन व्हावे हा प्रेताचा हट्ट, आणि ते स्मशान तर बंद झालेले. भाऊराव आपल्या मरणाची कथा कीर्तनकार होऊन सांगतात. येथे माणूस स्वतःची गोष्ट स्वतः सांगतो खरा, पण मेल्यावर, आणि तीही कीर्तनाच्या, म्हणजे समुदायाच्या, आधीच ठरलेल्या चालीत. चाळकरी सर्व काही करतात: सामान आणतात, सल्ले देतात, रडतात, सुरात सूर मिळवून बोलतात. त्यांच्या मदतीत खोट नाही. पण त्या मदतीत भाऊराव कोण होते हे कोठेही नाही. एक प्रेत आहे आणि प्रेताचे काय करावयाचे हे सर्वांना ठाऊक आहे. आणि त्या खांदेकऱ्यांपैकीच एकाकडे रमाचे मन ओढ घेते. ही घटना रमेला धक्कादायक स्त्री म्हणून उभी करीत नाही. इतकी माणसे इतक्या जवळ असूनही तिच्या मनात काय आहे हे कोणाला कळलेले नाही, एवढेच ती दाखविते. सर्व ठाऊक असण्याची मर्यादा या नाटकाइतकी निर्ममपणे मराठीत अन्यत्र कोठे दिसत नाही. नाटकाला ‘असंगत’ म्हणून युरोपीय परंपरेशी जोडताना आपण हे नाटक पेठांच्या शहरात लिहिले गेले आहे हेच विसरतो.

येथवर जवळिकीची बाजू काळी दिसली असेल. ती तशीच ठेवणे अप्रामाणिक ठरेल. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडच्या अंमलाखाली घरोघर सोल्जर शिरत होते तेव्हा आजारी माणसाला दडवणारी भिंत हीच होती. तिने रोगही दडवला आणि पसरवला, ही तिची दुसरी बाजू. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला ही धरणे फुटून नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. अशा वेळी कोणत्या खोलीत कोण अंथरुणाला खिळलेले आहे हे वाड्याला ठाऊक असणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागू नये. तीच माहिती, तेच डोळे. पाळत आणि काळजी यांच्यासाठी पेठेने निराळे अवयव ठेवले नव्हते.

त्या पुरानंतर अनेक वाडे नाहीसे झाले, पूरग्रस्तांच्या वसाहती गावाबाहेर उभ्या राहिल्या, आणि ‘वाडा संस्कृती’ हा शब्दप्रयोग हळूहळू गहिवराचा झाला. ललित निबंधांत, दिवाळी अंकांत, आठवणींच्या पुस्तकांत हा वाडा भेटतो: चौक, सामाईक नळ, पापडांची वाळवण, एकाच्या घरचा पाहुणा सर्वांचा पाहुणा. या लेखनाविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. ते खोटे आहे असे नव्हे. पण ते आपल्या पायाखालची जमीन पाहत नाही. पेशवाईतला वाडा एका घराण्याचा, त्याच्या आश्रितांचा होता. आठवणींतला वाडा बिऱ्हाडकरूंचा आहे. या बिऱ्हाडांना पिढ्यान्पिढ्या एकत्र राखले ते संस्कृतीने जितके त्याहून अधिक १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने. १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलेले भाडे वाढत नव्हते. म्हणून भाडेकरू हलत नव्हता, मालक डागडुजी करीत नव्हता, आणि नळ सामाईकच राहत होता. १९९९ च्या कायद्याने व्यवस्था बदलली. त्याच्या आधीपासूनच वाडे पाडून इमारती उठू लागल्या होत्या, आणि सदनिका मिळालेल्या बिऱ्हाडकरूंनी प्रथम काय केले असेल तर दार लावून घेतले. चौकातल्या आत्मीयतेचे गोडवे गाणारे बहुतेक लेखक स्वतः ते दार लावून मग लिहू लागले. त्यांनाही ‘मी’ त्या दारामागेच सापडला. पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या सर्वांहून वरचढ ठरते, कारण शेवटच्या चिंतनापर्यंत तिचा निवेदक गहिवराला जवळ फिरकू देत नाही. आणि चाळ मुंबईची असल्याने महानगर म्हणजे अनामिकता हे समीकरणही ती जाता जाता मोडते.

या गहिवराच्या लेखनात ‘सगळे’ म्हणून जे येतात ते कोण, हा प्रश्न उरतो. रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात इंग्रजी कादंबरीतील ‘ज्ञेय समुदाया’ची चर्चा करताना दाखविले आहे की जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांतले शेजारी म्हणजे शेजारी राहणारी माणसे नव्हेत, ज्यांच्याकडे जाणे-येणे शोभते असे, थोड्या अंतरावरचे घर. मधली माणसे दिसतच नाहीत. कसब्याला हे तंतोतंत लागू पडते. कोकणातून येऊन पेशवाईत स्थिरावलेले त्वष्टा कासार, त्यांची तांबट आळी, तेथला दिवसभराचा ठोक्यांचा आवाज हे पेठेच्या आठवणींत येते, पण पार्श्वसंगीत म्हणून. ते ठोके मारणाऱ्याचे नाव त्या आठवणींत नसते. कागदीपुऱ्यात हातकागद होत असे. त्या कागदावर कागद्यांविषयी कोणी लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. मराठीत कारागिराची कादंबरी विरळा आहे, आणि जी आहे ती बहुधा खेड्यातल्या बलुतेदाराची. शहराच्या मध्यभागी बसून ज्याने शहराला भांडी पुरवली, ज्याला पेठेतील प्रत्येक घराचा बंब, हंडा, घंगाळ ठाऊक, तो निवेदक म्हणून कसा बोलला असता? त्याचे ज्ञान ओट्यावरच्या वृद्धाच्या ज्ञानासारखे नव्हते. त्याला माणसे त्यांच्या भांड्यांवरून कळत: कोणाकडे लग्न ठरले, कोणी कल्हईचे पैसे थकवले, कोणी जुने तांबे मोडीत काढले. स्टेनलेस स्टील आणि गॅसचा गीझर आल्यावर त्याला काय दिसेनासे झाले, हेही त्याच्याकडून ऐकावयास हवे होते.

या आळीत घडलेले एखादे जुने घंगाळ हाती घेऊन पाहावे. पृष्ठभागावर मठारकामाच्या खुणा असतात, एकेक ठोका मोजता येईल इतक्या स्पष्ट. काठाखाली नाव घातलेले असते: विकत घेणाऱ्याचे, क्वचित भेट देणाऱ्याचेही, पुढे गाव आणि सन. घडवणाऱ्याचे नाव नसते.